गायकामागे ऑक्टोपॅड वाजवला म्हणजे रॉक विकला का?

प्रिय काका,

मी 28 वर्षांचा, कर्वेनगरला आईबाबांबरोबर राहतो. इंजिनिअरिंगला असताना फिरोदिया करंडकाच्या टीममध्ये लाइव्ह म्युझिकसाठी ड्रम्सवर बसलो, तो अजून उठलेलो नाही. त्याच टीममधल्या गिटारिस्ट मित्राबरोबर हार्ड रॉक बँड काढला, त्याला सात वर्षं झाली. दोन वर्षांपूर्वी हिंजवडीची नोकरी सोडली. आता संध्याकाळी मुलांना ड्रम्स शिकवतो आणि शनिवार-रविवार बँड. पबवाले चौघांना मिळून पंधरा हजार देतात, त्यातून जॅमरूमचं भाडं आणि सामानाचा टेंपो वजा.

आता एका नावाजलेल्या मराठी गायकाच्या दौऱ्यासाठी मला विचारलंय. नोव्हेंबर ते फेब्रुवारी, महिन्याला आठ-दहा कार्यक्रम, नाइटला सहा हजार. थोडे ड्रम्स, जास्त ऑक्टोपॅड, ते काठ्यांनी वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅडचं यंत्र. आमच्या बँडचा डिसेंबरमधला मोठा शो नेमका त्यातल्याच एका तारखेला आहे. मित्र म्हणतो, 'तू विकला गेलास. ऑक्टोपॅडच वाजवायचा होता तर रॉक कशाला केलास?' आई म्हणते, स्थळं येतायत, मुलगा काय करतो विचारलं तर काय सांगू? तालमीनंतर रात्रभर कानात शिट्टी वाजते, पण ते काय सगळ्यांचंच होतं. पुण्यात राहून हार्ड रॉक ड्रमर म्हणून करिअर होतं का, की मी स्वतःला फसवतोय?

— डबल पेडल, कर्वेनगर


डबल पेडल,

तुझ्या प्रश्नांकडे येतोच, पण आधी तू न विचारलेल्या प्रश्नाचं बोलू. कानातली शिट्टी 'सगळ्यांचंच होतं' म्हणून तू एका ओळीत उडवून लावलीस. सगळ्यांचं होतं हे खरं आहे. म्हणूनच पन्नाशीतले कितीतरी वादक समोरच्याच्या ओठांकडे बघत बोलतात.

हिशेब असा आहे. 85 डेसिबल आवाजात आठ तास काम, ही कानांसाठी सर्वसाधारण मर्यादा मानतात. पुढे दर तीन डेसिबलला ती वेळ निम्मी होते. म्हणजे 100 डेसिबलला उरतात पंधरा मिनिटं. बंद जॅमरूममध्ये क्रॅश झांजेच्या शेजारी, गिटारच्या अँपच्या पुढ्यात बसून जोरात वाजवणारा ड्रमर शंभरच्या वर सहज जातो, आणि तुमची तालीम तीन तास चालत असणार. आतल्या कानातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. मेटॅलिका बँडचा ड्रमर लार्स उलरिक या कायमच्या शिट्टीबद्दल उघडपणे बोलत आला आहे. त्याच्याकडे जगातले उत्तमोत्तम डॉक्टर परवडण्याइतके पैसे आहेत, तरी ती शिट्टी काही बंद झालेली नाही.

तेव्हा या आठवड्यात कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जाऊन ऑडिओमेट्री करून घे. आवाजाने कान बिघडायला लागले की आलेखात साधारण 4000 हर्ट्झच्या आसपास खड्डा दिसतो. तो आहे का आणि किती खोल, ते विचार. आणि वादकांसाठीचे इअरप्लग घे. औषधांच्या दुकानातले फोमचे बोळे वरच्या पट्टीचा आवाज जास्त कापतात. मग झांजा ऐकू येत नाहीत म्हणून माणूस आणखी जोरात बडवतो. वादकांचे प्लग सगळ्या पट्ट्या साधारण सारख्या कमी करतात. ते थोडे महाग पडतात, तरी नव्या झांजेआधी ते घे.

आता दौरा. घे. त्यात मला काहीच अवघड दिसत नाही. अवघड आहे ते तुझ्या मित्राचं वाक्य, कारण ते तुला लागलंय आणि तुला ते थोडं पटलंयही.

त्याच्या भिंतीवर लेड झेपलिनचं पोस्टर असेल, अशी माझी पैज. तर त्या पोस्टरवरच्या माणसांचं सांगतो. जिमी पेज बँड काढण्याआधी काही वर्षं लंडनमध्ये स्टुडिओ वादक होता. मिळेल त्या गायकाच्या रेकॉर्डिंगला गिटार वाजवायची आणि पैसे घेऊन घरी जायचं. जॉन पॉल जोन्सही त्याच स्टुडिओंमध्ये बास वाजवायचा, वाद्यमेळ लिहून द्यायचा. आणि जॉन बॉनहॅम? वडिलांच्या बांधकामावर काम करून ड्रम्स वाजवणारा हा पोरगा 1968 मध्ये टिम रोझ नावाच्या अमेरिकन गायकाच्या मागे वाजवत होता. पेजच्या नव्या बँडसाठी विचारणा झाली तेव्हा तो लगेच हो म्हणाला नाही, कारण त्याच सुमाराला जो कॉकर आणि ख्रिस फार्लो या गायकांकडूनही त्याला बोलावणं होतं. हार्ड रॉकचा ज्याला बाप मानतात तो ड्रमर 'गायकामागची नाइट घेऊ का' याच प्रश्नावर अडला होता. गायकामागे वाजवून त्याचा हात बिघडला, असं अजून तरी कोणी म्हटलेलं नाही.

ऑक्टोपॅडबद्दलचा तुच्छभावही मला ओळखीचा आहे. रोलंडचं ते यंत्र 1985 साली आलं आणि बघता बघता आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रात असं रुजलं की आता त्याशिवाय वाद्यवृंदाचं पान हलत नाही. मीही त्याच्यामागे उभा राहून घर चालवलं, त्यामुळे माझं मत पक्षपाती आहे हे धरून चाल. पण आठ पॅडवर ढोलकीचा तुकडा, तबल्याची थाप, टाळ आणि किक बसवून, गाण्यागणिक पॅच, म्हणजे आवाजांचा संच, बदलत, गायक मध्येच 'परत मुखडा' अशी मान हलवेल त्या क्षणी त्याच्याबरोबर वळणं, हे करून बघ आणि मग हस. साइड रिदमवाला आणि ढोलकीवाला तुझ्या दोन्ही बाजूंना असतील. त्यांच्या मधली जागा सोडून वाजवायची, तर आधी ऐकायला लागतं. हार्ड रॉकमध्ये ती सवय लागत नाही, कारण तिथे सगळी जागा तुझीच असते.

दुसरी अडचण आवाजाची. बालगंधर्वसारख्या नाट्यगृहात तू पबच्या जोरात स्नेअर हाणलीस तर ती गायकाच्या माइकमध्ये शिरते, आणि साऊंडवाल्याने कितीही डोकं आपटलं तरी ती बाहेर काढता येत नाही. म्हणून हळू वाजवायचं, पण ठेका ढिला पडू द्यायचा नाही. हे फार कठीण असतं. पहिल्या दोन-तीन तालमी तुला जड जातील. एसी/डीसीचा फिल रड ऐक, मुद्दाम या नजरेने ऐक: मधले भरणीचे तुकडे, ज्यांना फिल म्हणतात, जवळजवळ नाहीत, हाय-हॅट, किक, स्नेअर, आणि लय जागची हलत नाही. जोर त्याच्या हातात कमी आणि वेळेच्या नेमकेपणात जास्त आहे. क्लिकवर, म्हणजे कानातल्या मेट्रोनोमच्या टिकटिकीवर, महिन्याला आठ-दहा नाइट वाजवून फेब्रुवारीत बँडकडे परत जाशील, तेव्हा तुझ्या मित्राला फरक कळेल. तो कबूल करेल की नाही, ते सांगवत नाही.

आता तुझा मूळ प्रश्न. करिअर होतं का?

तू बँडचं करिअर आणि ड्रमरचं करिअर एकच धरून चाललायस. ती दोन वेगळी खाती आहेत. बँड चालला तर छान, पण बँडची गाठ कधी सुटेल हे ड्रमरच्या हातात क्वचितच असतं. बॉनहॅम सप्टेंबर 1980 मध्ये 32 व्या वर्षी गेला आणि डिसेंबरमध्ये लेड झेपलिनने बँड थांबवला. हा अपवाद. फिल रडला 1983 मध्ये बँडने काढलं, दुसरे ड्रमर आले, बँड चालू राहिला. तो परत आला 1994 मध्ये. नेहमीची गोष्ट ही असते.

हार्ड रॉक ड्रमरची नोकरीपेशातली गोष्ट पाहायची असेल तर मी कोझी पॉवेलचं नाव घेईन. जेफ बेकच्या ग्रुपपासून सुरुवात, 1975 ते 1980 रेनबो, मग मायकेल शेंकर, व्हाइटस्नेक, इमर्सन आणि लेकबरोबर एक अल्बम, 1988 पासून ब्लॅक सॅबथ, पुढे ब्रायन मे. एक बँड तुटला की दुसरीकडून फोन. शिवाय 1973 च्या अखेरीस आलेलं त्याचं स्वतःचं, निव्वळ ड्रम्सवर उभं असलेलं गाणं 1974 च्या सुरुवातीला ब्रिटनच्या यादीत तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेलं होतं. 1998 मध्ये मोटार अपघातात गेला, तोवर वाजवतच होता. कुठल्याही एका बँडचा म्हणून तो ओळखला जात नाही. पण हार्ड रॉकमध्ये त्याचं नाव ऐकून कान न टवकारणारा ड्रमर सापडायचा नाही. त्याने काय केलं? फोन आला की वेळेवर पोचला, गाणी बसवून पोचला, आणि वाजवताना कोझी पॉवेलसारखंच वाजवलं.

पुण्यात हे कसं दिसतं ते सरळ सांगतो. फक्त हार्ड रॉक, फक्त स्वतःची गाणी, आणि त्यावर घर, असं पुण्यात बसून चाललेलं मी पाहिलेलं नाही. 2010 मध्ये एनएच सेव्हन वीकेंडर हा संगीत महोत्सव पुण्यातच सुरू झाला तेव्हा वाटलं होतं की आता दिवस पालटतील. काही प्रमाणात पालटलेही. 'अग्नी'सारखा बँड याच शहरातून देशभर गेला, पण हिंदी गाणी घेऊन. हार्ड रॉकच करायचं म्हणून अडून बसलेला आणि टिकलेला भारतीय बँड म्हणून मला गंगटोकचा 'गिरीश अँड द क्रॉनिकल्स' आठवतो. पबवाल्यांना रेट्रो हिंदी लागतं, खुल्या जागेत रात्री दहाला स्पीकर बंद. हे तुला माहीत आहेच, उगाळत बसत नाही.

पण ड्रमर म्हणून पुण्यात जगता येतं, आणि बरं जगता येतं. गणपती, मग दिवाळी पहाट, मग लग्नसराई आणि महोत्सव, फेब्रुवारीपर्यंत हात रिकामा राहत नाही. पावसाळा आपल्या धंद्यात कोरडा जातो. तो काळ तुझ्या शिकवण्यांनी भरून निघतो. रॉकस्कूल किंवा ट्रिनिटीच्या ग्रेड परीक्षांना मुलं बसवायला लाग, आधी वरच्या ग्रेड तू स्वतः दे. पालकांना प्रमाणपत्र दिसलं की फी वेळेवर येते, हा पुणेरी नियम आहे. दौऱ्यात कमीत कमी आठ नाइट धरल्या तरी चार महिन्यांचे दोन लाखांच्या जवळपास होतात. त्या पैशांत बँडच्या चार गाण्यांचं नीट रेकॉर्डिंग होईल. मित्राला हे गणित मांडून दाखव, पण दौऱ्याचे पैसे हातात आल्यावर. आधी दाखवलंस तर लाच वाटेल.

कागदाचं बघ. 'आपलेच आहेत, लिहून काय घ्यायचं' असं कोणीतरी म्हणेलच. त्यालाच म्हणावं, आपलेच आहात तर लिहून द्या. व्हॉट्सॲपवर चार ओळी चालतील, पण हव्यात: तालमींचे वेगळे पैसे आहेत का, पुण्याबाहेर राहणं-जेवण कोणाकडे, कार्यक्रम रद्द झाला तर किती आणि कधीपर्यंत कळवायचं, पाकीट त्याच रात्री की महिनाअखेर. टीडीएस कापणार असतील तर कापू दे. उत्पन्न करपात्र मर्यादेच्या आत असेल तर विवरणपत्र भरून परत मिळतो. आणि कार्यक्रमाचं चित्रीकरण कुठे विकलं जाणार असेल तर वादकांचं काय, हेही विचार. 2012 च्या दुरुस्तीनंतर आपल्या कॉपीराइट कायद्यात कलावंतांच्या सादरीकरणाच्या हक्कांना पूर्वीपेक्षा जास्त बळ आहे. तुला लगेच काही मिळेल असं नाही. विचारणारा वादक आहे, एवढं त्यांना कळलं तरी पुष्कळ.

याहून मोठा कागद तुझ्या स्वतःच्या बँडचा आहे, आणि तो तुम्ही केलेला नसणार. सात वर्षांत तुमची जी गाणी झाली त्यांवर संगीतकार म्हणून कोणाचं नाव आहे? तुझ्या पत्रात 'त्याची गाणी' असा शब्द आला असता तरी मला नवल वाटलं नसतं. डीप पर्पलच्या 1970 ते 1973 च्या काळातल्या गाण्यांवर पाचही जणांची नावं असायची, त्यामुळे ड्रमर इयन पेस आजही त्या गाण्यांचा एक रचनाकार आहे. एसी/डीसीमध्ये श्रेय यंग बंधू आणि गायकाच्या नावावर. 1980 सालचा त्यांचा अल्बम जगात सर्वाधिक खपलेल्या अल्बममध्ये मोडतो, त्यावर ठेका फिल रडचा आहे, पण रचनाकारांत तो नाही. आपल्याकडे गाण्यांच्या हक्कांचे पैसे गोळा करणारी आयपीआरएस ही संस्था पैसे वाटते ती गीतकार, संगीतकार आणि प्रकाशकांना. ठेका धरणाऱ्याला त्यातलं काही येत नाही, त्याचं नाव संगीतकारांत असल्याशिवाय. ज्या गाण्याचा सांगाडा तुझ्या ग्रूव्हवर उभा राहिला, त्यावर तुझं नाव हवं. हे भांडण आता, पैसे नसताना, चहाच्या टपरीवर मिटतं. पैसे आल्यावर वकिलाकडे जावं लागतं.

शरीराचं थोडं. हार्ड रॉक हे अंगमेहनतीचं काम आहे, आणि तू ते दोन्ही पायांनी किक वाजवायच्या डबल पेडलवर करतोस. रश बँडचा ड्रमर नील पर्ट 2015 नंतर दौऱ्यावर गेला नाही, त्यामागे स्नायूबंधांच्या आणि खांद्याच्या दुखण्याचा मोठा भाग होता. आयर्न मेडनचा निको मॅकब्रेन जानेवारी 2023 मध्ये पक्षाघाताचा झटका येऊनही वाजवायला परतला आणि डिसेंबर 2024 मध्ये, 72 व्या वर्षी, दौऱ्यांतून निवृत्त झाला. (रिक ॲलनची गोष्ट सांगत नाही. एका हाताने वाजवणारा ड्रमर तुला माझ्याआधी तुझ्या विद्यार्थ्यांनी ऐकवला असेल.) मॅकब्रेनसारखं सत्तरीपर्यंत वाजवायचं असेल तर स्टुलाची उंची आणि पकड आत्ताच एखाद्या जाणत्याला दाखवून घे. पर्ट जगप्रसिद्ध झाल्यावर, चाळिशीत, फ्रेडी ग्रुबर या ड्रम्सच्या गुरूकडे नव्याने शिकायला बसला होता. तुलाही बसायला हरकत नाही.

आईला दुसऱ्यांना सांगण्यासाठी उत्तर हवंय. तुझ्या वादनाला तिचा विरोध असता तर तुझं पत्र वेगळं असतं. तिला गेल्या बारा महिन्यांची कमाई वहीत लिहून दे: शिकवण्या, पब, दौरा, महिन्यागणिक. तिला 'संगीत शिकवतो आणि व्यावसायिक वादक आहे' असं म्हणता येईल, आणि कोणी पुढे विचारलं तर आकडा सांगता येईल. स्थळाकडच्यांना तेवढ्यावर पटलं नाही, तर ते घर तसंही तुझ्या तालमीच्या वेळा सांभाळणारं नव्हतं. शक्य झालं तर तिला नोव्हेंबरमधल्या पुण्यातल्या एखाद्या कार्यक्रमाला तिसऱ्या रांगेत बसव. पबमध्ये ती आली नसणार.

आता डिसेंबरची तारीख. दौरा स्वीकारल्यावर मित्राला फोनवर सांगू नकोस, आणि ग्रुपवर तर मुळीच नाही. भेट. 'विकला गेलास' या वाक्याला उत्तर द्यायला जाऊ नकोस, बदली ड्रमर घेऊन जा. तुझ्या ओळखीत, शिकवण्यांत, दुसऱ्या बँडांत असा एखादा असेलच ज्याचा हात तुमच्या गाण्यांना मानवेल. त्याला सगळी गाणी तू बसवून दे: कुठे फिल, कुठे थांबा, कोणत्या गाण्यात मित्र उत्साहाच्या भरात लय पळवतो, सगळं चार्टवर लिहून. त्याच्याबरोबर बँडच्या दोन तालमी कर, एकीत तू वाजव आणि दुसरीत समोर बसून ऐक. जॅमरूमचं त्या दिवसाचं भाडं तू भर. त्या शोला तुझी स्नेअर, झांजा आणि पेडल त्याला वापरायला दे, कारण पबचा ड्रमसेट कसा असतो ते तुला माहीत आहे. शोचे पूर्ण पैसे बदली ड्रमरचे, त्यात तुझा हिस्सा नाही, हे मित्राच्या देखत सांग.

आणि त्या पोराला इअरप्लगही दे.

— काका